अश्रद्ध नायक व त्याचे वाचक : टॉमस कव्हेनंट-कथामालेच्या स्वीकाराचा इतिहास

१९७७ साली न्यूयॉर्कच्या होल्ट, रिनहार्ट अँड विन्स्टन या प्रकाशनसंस्थेने एका सर्वस्वी अपरिचित लेखकाची तीन खंडांची अद्भुतकथा एकाच वर्षात वाचकांपुढे ठेवली. लेखकाचे नाव स्टीफन आर. डोनल्डसन. खंडांची नावे अनुक्रमे ‘लॉर्ड फाउल्स बेन’, ‘द इलअर्थ वॉर’ आणि ‘द पॉवर दॅट प्रिझर्व्ह्‌ज’ अशी असून तिन्हींना मिळून ‘अश्रद्ध टॉमस कव्हेनंटची बखर’ या अर्थाचे सामान्य नाव दिलेले होते. सत्तेचाळीस वेळा हे लेखन परत आले होते, असे लेखकाने स्वतःच नमूद केले आहे. शेवटी लेस्टर डेल रे या संपादकाने ते स्वीकारले. यानंतर जे घडले ते प्रकाशनव्यवसायाच्या दृष्टीने निःसंशय यश होते. ग्रंथ अमाप खपले, १९७९ साली लेखकास नवोदितांसाठी असलेले जॉन डब्ल्यू. कॅम्बेल पारितोषिक मिळाले, १९८० ते १९८३ या काळात आणखी तीन व २००४ ते २०१३ या काळात आणखी चार खंड निघाले. परंतु प्रस्तुत निबंधाचा विषय हे यश नव्हे. ज्या ग्रंथाला इतके वाचक लाभले, त्याच्याच नायकाविषयी इतका तीव्र तिटकारा त्याच वाचकवर्गात का दिसावा, आणि हा तिटकारा गेल्या जवळजवळ पन्नास वर्षांत एकाच जागी स्थिर न राहता एका कारणावरून दुसऱ्या कारणावर कसा सरकत गेला, हा आमचा प्रश्न आहे.

कथेचा सांगाडा प्रथम द्यावा लागेल, कारण आपल्याकडील अभ्यासकांना तो परिचित असेलच असे नाही. टॉमस कव्हेनंट हा अमेरिकेतील एक तरुण कादंबरीकार. पहिल्याच कादंबरीने त्याला कीर्ती व द्रव्य मिळवून दिले आहे. पत्नी आहे, तान्हा मुलगा आहे. एके दिवशी उजव्या हाताला झालेली जखम त्याच्या लक्षातच आलेली नाही असे आढळते. तपासणीअंती कुष्ठरोगाचे निदान होते. हाताची दोन बोटे कापावी लागतात. त्याला लुइझियाना राज्यातील कुष्ठधामात पाठविले जाते. परत येतो तो पत्नी मुलाला घेऊन निघून गेलेली, आणि गावकरी त्याची बिले परस्पर भागवीत आहेत. औदार्याने नव्हे, त्याने गावात पाऊल टाकू नये म्हणून! अशा अवस्थेत तो एका मोटारीपुढे कोसळतो व शुद्धीवर येतो तो एका निराळ्याच भूमीवर. त्या देशाला ग्रंथात नुसते ‘भूमी’ असेच नाव आहे. तेथे त्याच्या तुटक्या हातात लोकांना आपल्या आद्य वीराचे, बेरेक अर्धहस्ताचे, चिन्ह दिसते. त्याच्या बोटातील पांढऱ्या सोन्याची लग्नाची अंगठी तेथे महाशक्तीचे अधिष्ठान ठरते. एका जगात जो अस्पर्श्य, तोच दुसऱ्या जगात अवतार. आणि हा मनुष्य त्या दुसऱ्या जगावर विश्वास ठेवण्याचे साफ नाकारतो.

हे नाकारणे वाचकांना प्रथम खटकले. ‘अनबिलीव्हर’ या शब्दाला मराठीत ‘नास्तिक’ म्हणणे चूक होईल. त्याचे भांडण देवाशी नाही, डोळ्यांपुढील हिरव्या डोंगराशी आहे. वीराने साद आल्यावर उठावे, रडतखडत का होईना पण निघावे, असा संकेत टॉल्किनच्या ग्रंथांनी त्या वाचकवर्गात दृढ केला होता. १९६५ नंतर अमेरिकेत टॉल्किनच्या स्वस्त आवृत्त्या पसरल्या; १९७७ हे साल तर ‘द सिल्मरिलियन’च्या मरणोत्तर प्रकाशनाचे, तसेच डेल रे यांनीच पुढे आणलेल्या टेरी ब्रुक्स यांच्या ‘द सोर्ड ऑफ शॅनारा’चे. ब्रुक्स यांची कादंबरी टॉल्किनच्या वाटेवरून इतकी सरळ चालते की वाचकाला कोठे ठेच लागू नये. त्याच वर्षी, त्याच संपादकाच्या हातून, त्याच वाचकापुढे डोनल्डसन यांचा कव्हेनंट आला. अंगठी आहे, दुष्ट अधिपती आहे, दीर्घ प्रवास आहे, राक्षसकाय मित्र आहे. फक्त नायक तेवढा बसून राहतो व म्हणतो की, हे सर्व स्वप्न आहे. पहिल्या दशकातील आक्षेप बव्हंशी याच तुलनेतून निघालेले दिसतात. कोणी म्हणाले, ही टॉल्किनची नक्कल. कोणी म्हणाले, ही टॉल्किनची विटंबना. दोन्ही आक्षेप एकाच वेळी खरे असू शकत नाहीत, हे आक्षेपकांच्या ध्यानात आले नाही.

दुसरा आक्षेप भाषेचा होता. डोनल्डसन यांना दुर्मीळ शब्दांचे व्यसन आहे, हे त्यांच्या कैवाऱ्यांनीही मान्य केले आहे. त्यांची पात्रे सतत दात-ओठ खातात, मुठी आवळतात. १९८६ साली निक लोव यांनी ‘अँसिबल’ या इंग्लंडमधील विज्ञानकथाप्रेमी मंडळींच्या वार्तापत्रात एका खेळाचे वर्णन केले : प्रत्येक खेळाडूने या मालेतील एकेक खंड हाती घ्यावा, वाटेल तेथे उघडावा, आणि ‘आवळणे’ या अर्थाचा एक विशिष्ट इंग्रजी शब्द ज्याला प्रथम सापडेल तो जिंकला. थट्टा निर्विष नाही, पण अभ्यासकाने तिच्याकडे थट्टा म्हणून पाहून सोडू नये. शत्रूला इतके बारकाईने कोणी वाचीत नाही. ज्यांनी हा खेळ रचला व खेळला त्यांच्या फडताळात सहाही खंड होते!

आता या कथामालेचे जे मूळ आहे, म्हणजे रोग, त्याकडे वळले पाहिजे. येथे विषयाचा संबंध आपल्या देशाशी प्रत्यक्षच येतो. डोनल्डसन यांचा जन्म १९४७ साली ओहायो राज्यातील क्लीव्हलंड येथे झाला. पण वयाच्या तिसऱ्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंतचा काळ त्यांनी भारतात काढला. वडील अस्थिशल्यचिकित्सक व वैद्यकीय मिशनरी होते आणि कुष्ठरुग्णांच्या शस्त्रक्रिया हा त्यांच्या कार्याचा मोठा भाग होता. मुलाचे शालेय शिक्षण कोडाईकनालला झाले. १९७२ साली वडिलांचे कुष्ठरोगाविषयीचे एक भाषण ऐकत असताना या कथेची कल्पना सुचली, असे लेखकाने सांगितले आहे. भारतात त्या काळी या रोगाच्या शस्त्रक्रियेसंबंधी जे नवे ज्ञान तयार होत होते ते लक्षात घेतल्यावाचून पहिल्या खंडातील दोन प्रकरणे नीट वाचताच येत नाहीत.

हे ज्ञान थोडक्यात असे. हॅन्सेनने १८७३ साली नॉर्वेत बर्गन येथे रोगजंतू शोधला. पण रुग्णाची बोटे का झडतात, याचे उत्तर त्याने मिळाले नाही. मांस सडून गळते अशीच समजूत दीर्घकाळ राहिली. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यक महाविद्यालयात पॉल ब्रँड यांनी चाळिशीच्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या कामातून स्पष्ट झाले की मांस निरोगीच असते. मज्जातंतू मरतात, वेदना नाहीशी होते, आणि वेदना नसल्यामुळे मनुष्य चटका, काटा, जोड्यातील खिळा यांपैकी काहीच न जाणता स्वतःचा हात-पाय स्वतःच झिजवून टाकतो. उपाय काय? अहोरात्र सावधगिरी. जे त्वचा सांगत नाही ते डोळ्यांनी पाहावयाचे. प्रत्येक बोट, प्रत्येक तळवा, दिवसातून अनेक वेळा तपासावयाचा. हेच ब्रँड १९६६ साली लुइझियानातील कारव्हिल येथील राष्ट्रीय कुष्ठरुग्णालयात गेले. कादंबरीतील कुष्ठधाम याच राज्यात आहे, आणि तेथे कव्हेनंटला शिकविला जाणारा पहिला धडा अवयवांच्या नित्य निरीक्षणाचा आहे. दुसरा धडा अधिक कठोर : मेलेले मज्जातंतू परत येत नाहीत, ते येतील अशी आशा ज्याने धरली तो निष्काळजी झाला, आणि जो निष्काळजी झाला तो मेला.

हे समजले म्हणजे त्याच्या अश्रद्धेचे स्वरूप पालटते. ‘भूमी’वर पाय ठेवताच लेना नावाची एक कुमारवयीन मुलगी त्याच्या जखमांना एक औषधी माती लावते आणि काही तासांत त्याच्या बोटांत संवेदना परत येते. वैद्यांनी ज्याची आशा धरू नकोस म्हणून बजावले नेमके तेच घडते. या जगावर विश्वास ठेवला तर कुष्ठधामात शिकलेला नियम मोडतो, आणि तो नियम हाच त्याच्या जिवाचा आधार. टॉल्किनशी तुलना करणाऱ्या वाचकाला जे भित्रेपण वाटले ते वास्तविक एका रुग्णाचे पथ्य आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ग्रंथातील सर्वांत मौलिक कल्पना हीच असून तिची वैद्यकीय बाजू अत्यंत चोख आहे.

सामाजिक बाजू तितकी चोख आहे असे मात्र म्हणवत नाही. सल्फोनवर्गीय औषधांचा प्रयोग कारव्हिल येथेच १९४१ साली सुरू झाला होता. त्याच वर्षी तेथील एक रुग्ण स्टॅन्ली स्टाइन यांनी ‘द स्टार’ हे नियतकालिक नव्याने काढले व रोगाला हॅन्सेनचे नाव द्यावे, ‘लेपर’ हा शब्द टाकावा, यासाठी ते आयुष्यभर झगडले. १९४८ साली हवाना येथील आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषदेने तो शब्द वर्ज्य करण्याचा ठराव केला. म्हणजे कादंबरी निघाली तेव्हा त्या ठरावाला एकोणतीस वर्षे झाली होती. असे असता कव्हेनंट स्वतःला उठता-बसता त्याच शब्दाने हाक मारतो; आपण अशुद्ध असल्याची घोषणा करीत फिरतो. ही घोषणा बायबलच्या लेवीय ग्रंथातील तेराव्या अध्यायातून आलेली आहे, आणि त्या अध्यायातील हिब्रू शब्दाचा आजच्या कुष्ठरोगाशी नेमका संबंध लावता येत नाही हे पंडितांनी पूर्वीच दाखवून दिले आहे. कथेतील वाळीत टाकण्याचे चित्र त्या काळच्या औषधोपचारांच्या मानाने जुनाट आहे. गावकऱ्यांचे भय खरे असू शकते, कारण भय औषधाच्या वेगाने जात नाही. तथापि ज्या कारव्हिलच्या रुग्णांना १९४६ पर्यंत मताचाही अधिकार नव्हता आणि जे पुढे आपल्या नावासाठी लढले, त्यांच्यातील एकही लढाऊ माणूस या ग्रंथात भेटत नाही. भेटतो तो एक विद्रूप, सडलेला म्हातारा, नायकाला दहशत बसावी म्हणून दाखविलेला. स्टाइन यांचा सहरुग्ण हे पान वाचून काय म्हणाला असता, हा प्रश्न ग्रंथाच्या चर्चेत विचारला गेला पाहिजे.

याच संदर्भात एक आनुषंगिक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. मुंबईत माटुंग्याला १८९० साली निराश्रित कुष्ठरुग्णांसाठी जो आश्रम निघाला तो नगरपालिकेचे आयुक्त हॅरी ॲक्वर्थ यांच्या खटपटीने. हेच ॲक्वर्थ शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या सहकार्याने मराठी पोवाड्यांचा संग्रह करणारे व पुढे १८९४ साली त्यांतील निवडक पोवाडे इंग्रजीत आणणारे! वीरकथांचा संग्राहक व कुष्ठाश्रमाचा संस्थापक एकच गृहस्थ असावा, हा केवळ योगायोग. परंतु त्या पोवाड्यांतील वीर आणि त्या आश्रमातील रहिवासी एकाच देहात कल्पिण्याचे धाडस कोणी केले नव्हते. आश्रमानंतर आठ वर्षांनी, १८९८ साली, निर्धन कुष्ठरुग्णांना पकडून वेगळे ठेवण्याचा व त्यांना काही धंदे करण्यास मनाई करण्याचा कायदा आला. तो कायद्याच्या पुस्तकातून पुरता पुसला जाण्यास २०१६ साल उजाडावे लागले. आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून व्यक्तिगत कायद्यांतून २०१९ साली निघाले. कव्हेनंटची पत्नी ज्या वाटेने गेली ती वाट आपल्याकडे इतक्या अलीकडेपर्यंत कायद्याने मोकळी होती. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ साली मनोहर दिवाण यांनी मांडलेले कार्य, १९३९ साली सेवाग्रामला आलेल्या परचुरे शास्त्र्यांची गांधीजींनी स्वहस्ते केलेली शुश्रूषा, बाबा आमटे यांचे आनंदवन, हा सर्व इतिहास ज्याच्या कानी आहे त्या मराठी वाचकाला कव्हेनंटचा रोग नुसते रूपक म्हणून वाचणे कठीण जाईल.

पाश्चात्त्य वाचकाला मात्र ते उत्तरोत्तर सोपे होत गेले. १९८१-८२ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांच्या एकत्र उपचाराची शिफारस केली आणि रोग पूर्णतः बरा होऊ लागला. कारव्हिलचे रुग्णालय १९९९ साली तेथून हलविण्यात आले. अमेरिकेतील नव्या पिढीच्या दृष्टीने कुष्ठरोग ही बायबलातील व चित्रपटांतील गोष्ट उरली. (भारतात २००५ अखेर रोगाचे सार्वजनिक आरोग्याच्या निकषाने निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले, तरी जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही येथेच आढळतात.) याचा परिणाम वाचकांच्या मतांवर झाला असला पाहिजे, असे आमचे प्रतिपादन आहे. रोग जितका मागे सरला तितके त्याने झाकलेले दुसरे काही पुढे आले.

हे दुसरे काही म्हणजे पहिल्या खंडाचे सातवे प्रकरण. त्याला लेनाचेच नाव दिलेले आहे. संवेदना परत येताच, दीर्घकाळ मेलेली वासनाही परत येते, आणि ज्या मुलीने त्याला बरे केले तिच्यावरच कव्हेनंट बलात्कार करतो. लेखकाने यावर पडदा टाकलेला नाही व नायकाला सवलतही दिलेली नाही. असंख्य वाचकांनी ग्रंथ येथेच मिटला. आजही या मालेविषयी कोणाशी बोलावयास लागले असता प्रथम हेच निघते. मित्राला ग्रंथ सुचविणारा मनुष्य आधीच हात जोडून सांगतो की, सातव्या प्रकरणापाशी थांबू नका. आणि मित्र विचारतो की, का थांबू नये?

‘त्या काळी असल्या गोष्टींचे कोणाला काही वाटत नसे’ असे उत्तर या ठिकाणी दिले जाते. इतिहासदृष्ट्या ते टिकत नाही. सुझन ब्राउनमिलर यांचा बलात्काराच्या इतिहासावरील ग्रंथ १९७५ सालीच प्रसिद्ध होऊन गाजला होता. ग्रंथ मिटणारे वाचक पहिल्या दिवसापासून होते. बदलले ते चर्चेतील स्थान. डब्ल्यू. ए. सीनिअर यांच्या १९९५ सालच्या अभ्यासग्रंथाचे उपशीर्षकच अद्भुतकथेच्या परंपरेतील रूपभेदांविषयी आहे. क्रिस्टीन बार्कली यांनी २००९ साली आधुनिक महाकाव्यदृष्टीचा विचार केला. परंपरा, रूप, दृष्टी या मोठ्या शब्दांच्या चर्चेत लेना हा एक प्रसंग होता. सामान्य वाचकांच्या बोलण्यात तोच प्रसंग हळूहळू मध्यवर्ती झाला. पूर्वी विचारीत, ‘हा वीर का होत नाही?’ आता विचारतात, ‘याला वीर का म्हणावे?’ दुसरा प्रश्न अधिक योग्य आहे हे आम्ही निःसंकोचपणे म्हणू.

नायकाच्या बाजूने वाचकांनी दिलेली उत्तरे दोन. पहिले असे की, तो ते सर्व स्वप्न समजत होता. स्वप्नातील कृत्याचा दोष कोणता? हे उत्तर दुबळे आहे आणि खुद्द ग्रंथाने ते फेटाळले आहे. त्या कृत्याची फळे तीन खंडभर पिकत राहतात. लेनाची आई अतियारन हिला, कृत्य कळल्यावरही, शांततेच्या शपथेस बांधील राहून याच मनुष्याला मार्ग दाखवावा लागतो. तिचा प्रियकर त्रायॉक याचे आयुष्य त्या रात्रीने वाकते. दुसऱ्या खंडात कव्हेनंट परत येतो तेव्हा त्या भूमीवर चाळीस वर्षे लोटलेली असतात, आणि राज्याची प्रमुख एलेना ही त्याच रात्रीची संतती असते. तिच्या मनात कोठेतरी बिघाड आहे व तो भूमीला भोवतो. तिसऱ्या खंडात लेना पुन्हा भेटते. म्हातारी, भ्रमिष्ट, त्याची प्रेमाने वाट पाहत बसलेली. ती त्याच्याचसाठी मरते. स्वप्न म्हणून सोडून देण्याजोगे यात काय आहे?

मधल्या काळात नायकाने एक भरपाईही केलेली असते. रानिहिन नावाच्या दिव्य अश्वांना त्याने आज्ञा दिली की वर्षातून एकदा त्यांनी लेनाकडे जावे. स्वतःला तोशीस न लावता केलेले हे दान आहे, आणि त्यानेच तिचा भ्रम जोपासला. पापाइतकेच प्रायश्चित्तही घातक असू शकते, हे इतक्या निर्दयपणे दाखविणारे प्रसंग अद्भुतकथेत विरळा.

दुसरे उत्तर अधिक विचारार्ह आहे : समाजाने ज्याला माणसांतून उठविले त्याच्याकडून माणुसकीची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. कर्णाविषयी आपण तो शतकानुशतके घालीत आलो आहोत. १९६७ साली शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ने कर्णाची बाजू लक्षावधी वाचकांच्या अंतःकरणात उतरविली, त्याच साली इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने त्याच कर्णाकडे अत्यंत थंड नजरेने पाहिले. जन्मभर अवहेलना सोसलेल्या पुरुषाने द्यूतसभेत द्रौपदीविषयी जे उद्गार काढले ते अवहेलनेच्या खाती जमा धरावयाचे, की त्याच्या स्वतःच्या? कर्णाचा चाहता या प्रसंगापाशी घुटमळतो, जसा कव्हेनंटचा चाहता सातव्या प्रकरणापाशी. दोघांच्याही कथांत एक समान गोष्ट आहे : ज्या स्त्रीवर अन्याय झाला तिने त्या पुरुषाला वाळीत टाकलेले नव्हते. लेनाने तर त्याला बरे केले होते. द्रौपदीच्या बाबतीत स्वयंवरातील नकाराची कथा पुढे केली जाते, परंतु पुण्याच्या चिकित्सक आवृत्तीने तो प्रसंग मूळ संहितेत ठेवलेला नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. अपमानाचा सूड अपमान करणाऱ्यावर उगवत नाही. जो जवळ व दुर्बल असतो त्याच्यावर उगवतो.

साम्य येथेच थांबते. कर्णाचे हीनत्व जन्माशी जोडलेले होते. कव्हेनंट हा गोरा, सुशिक्षित, सधन, कीर्तिमान पुरुष आहे आणि एका निदानाने त्या पंक्तीतून उठविला गेला आहे. म्हणून ‘आउटकास्ट’ या इंग्रजी शब्दासाठी ‘बहिष्कृत’ हा शब्द वापरताना आपण जपले पाहिजे. १९२४ सालची बहिष्कृत हितकारिणी सभा आणि १९२७ सालचे ‘बहिष्कृत भारत’ यांनंतर मराठीत त्या शब्दाला एक निश्चित ऐतिहासिक आशय आलेला आहे. तेथे बहिष्कार हा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे आणि बहिष्कृत मनुष्य संघटित होऊन हक्क मागतो. कव्हेनंट हक्क मागत नाही. तो एकटा आहे, एकटेपणाचा त्याला एक प्रकारचा अभिमानही आहे, आणि ज्यांना आपल्यासारखेच झाले त्यांच्याकडे पाहण्याची त्याला भीती वाटते. त्याचे दुःख खरे आहे. पण गमावलेल्या स्थानाचे दुःख आणि कधीच न मिळालेल्या स्थानाचे दुःख ही एकच मानून वाचकाने सहानुभूती वाटू नये.

डोनल्डसन यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात आपली भूमिका मांडली आहे. पात्राच्या मनातील संघर्ष बाह्य व्यक्ती व घटना यांच्या रूपाने उभा करणे हे अद्भुतकथेचे लक्षण होय, असा तिचा आशय. या दृष्टीने दुष्ट अधिपती म्हणजे कव्हेनंटचाच स्वतःविषयीचा तिरस्कार. सिद्धान्त आकर्षक आहे व अनेक अभ्यासकांनी तो स्वीकारला आहे. आमची शंका एवढीच की, मग लेना कोण? तीही नायकाच्या मनाचाच अंश असेल तर सातवे प्रकरण हा आत्मपीडेचा प्रसंग ठरतो आणि पीडित मुलगी कथेतून अदृश्य होते. लेखकाच्या सिद्धान्तापेक्षा लेखकाची कथा येथे अधिक न्यायी आहे. तिने लेनाला आई दिली, प्रियकर दिला, मुलगी दिली, वार्धक्य दिले. मनाच्या अंशाला म्हातारपण येत नाही.

सातव्या प्रकरणापाशी ग्रंथ मिटणारा आणि तिन्ही खंड संपविणारा यांच्यातील वाद मिटत नाही, याचे एक साधे कारण असे की त्या दोघांनी निरनिराळे ग्रंथ वाचलेले आहेत. पहिल्याने एका गुन्ह्याची कथा वाचली. दुसऱ्याने त्या गुन्ह्यानंतरच्या सत्तेचाळीस वर्षांची. दुसऱ्याला पहिल्याहून अधिक माहिती आहे हे खरे. परंतु यावरून पहिल्याने चूक केली असे होत नाही. कोणत्या पानापर्यंत कोणाची संगत धरावी, हे ठरविण्याचा अधिकार वाचकाचा आहे. २००४ पासून कित्येक वर्षे लेखकाने वाचकांच्या प्रश्नांना जाहीर उत्तरे दिली. हा एक प्रश्न त्यातून निकालात निघाला नाही.

ही माला मराठीत आणावयाची झाल्यास अनुवादकापुढे पहिलीच अडचण नायक स्वतःला उद्देशून वापरतो त्या एका शब्दाची उभी राहील. ‘कुष्ठरुग्ण’ हा आजचा सभ्य व योग्य शब्द आहे, पण रात्री आरशापुढे उभा राहून कोणी स्वतःला ‘कुष्ठरुग्ण’ म्हणत नाही. ‘रक्तपित्या’ ही शिवी आहे, आणि ती गावकऱ्यांच्या तोंडी शोभेल. नायकाच्या तोंडी जुना ‘महारोगी’ हाच शब्द ठेवावा, वैद्यांच्या संभाषणात व निवेदनात तो कटाक्षाने टाळावा, आणि ‘भूमी’वरील माणसांच्या भाषेत या रोगाला शब्दच नाही हे वाचकाच्या ध्यानात यावे म्हणून लेनाच्या तोंडी यांपैकी एकही शब्द येऊ देऊ नये.